सासूबाईंना जेवणाला चव लागत नाही: आधी गॅस, मग वजन, झिंक सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या. वर्षभरापासून कशालाच चव लागत नाही म्हणतात, ताटात वरून मीठ घेतात, लोणचं-पापड रोज लागतो, गोड मागतात. वजन ५५ किलोवरून ४९ वर आलंय. वर-खाली पूर्ण कवळी आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी आणि पायांच्या जळजळीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन चालू आहे. ‘सुनेच्या हाताला चवच नाही’ यावरून घरात कुरबुर असते. महिन्यापूर्वी दूध ऊतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस सुटत राहिला. तुम्ही आतल्या खोलीतून वास आला म्हणून धावत आलात, तर सासूबाई ओट्याजवळच मेथी निवडत बसल्या होत्या. आता एकाने झिंकच्या गोळ्या सुचवल्यात, दुसऱ्याने लो सोडियम मीठ. दोन्ही सुरू करू का?

ताई, दोन्ही इतक्यात नको. लो सोडियम मीठ तर या गोळ्यांबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणूच नका. कारण पुढे सांगतो.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती ती मेथीची आहे. ओट्याशी बसलेल्या माणसाला गॅसचा वास येत नाही आणि आतल्या खोलीतल्या माणसाला येतो, याचा अर्थ तक्रार जिभेची असली तरी मुख्य संशय नाकावर घ्यायला हवा. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. उमामी म्हणजे आटवलेल्या टोमॅटोत किंवा मटणाच्या रश्श्यात लागते ती भरीव चव. तिखट तर चवीत मोडतच नाही. ती जळजळ वेगळी नस मेंदूपर्यंत नेते. बाकी हिंग, कोथिंबीर, तूप, वेलची, भाजलेलं खोबरं, ज्याला आपण ‘स्वाद’ म्हणतो ते सगळं घास चावताना घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचं काम. नाक मंदावलं की आमटीतली गोडा मसाल्याची ओळख पुसली जाते आणि मागे उरतं मीठ, गूळ, चिंच, तिखट. मग माणूस उरलेल्यातलंच जास्त मागायला लागतो. सासूबाई वरून मीठ घेतात, गोड मागतात, ते याच कारणाने. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही, आणि त्यांचेही हे नखरे नाहीत.

‘मला वास येत नाही’ असं त्या कधी म्हणाल्या नसतील. बहुतेक कोणीच म्हणत नाही. डोळ्यांचं किंवा कानांचं कमी झालेलं लगेच खुपतं, नाकाचं इतकं सावकाश जातं की गेलेलं कळतच नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८० ते ९७ वयोगटातल्या ६२.५ टक्के लोकांचं घ्राण तपासणीत कमी निघालं. पण ५३ ते ९७ वयाच्या सगळ्यांना मिळून विचारलं तर ‘मला वास कमी येतो’ असं जेमतेम ९.५ टक्के जणांनी सांगितलं. म्हणून ‘वास येतो का?’ या प्रश्नाला मिळणाऱ्या ‘हो’वर मी विसंबत नाही, तपासूनच बघावं लागतं.

तपासणीआधी मात्र गॅसचं बघा, ते आजच करण्यासारखं आहे.

एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. सासूबाईंच्या बाबतीत ही सगळी सोय फुकट गेली आहे, असं धरून चाला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो ओट्याखाली आणि जमिनीलगत साठतो. म्हणून त्याचा सेन्सर जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, म्हणजे फूटभर उंचीवर हवा. पाइपचा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, त्याचा सेन्सर छताखाली तेवढ्याच अंतरावर लागतो. बरेच जण पाइप गॅस आल्यावर जुना सेन्सर तसाच खाली ठेवतात किंवा एलपीजीचा सेन्सर दिसायला बरा म्हणून वर भिंतीवर लावतात. दोन्हींचा उपयोग शून्य. घेताना कोणत्या गॅससाठी आहे ते खोक्यावर वाचा, वीज गेल्यावर चालणारा बघा आणि त्यावरची मुदत लिहून ठेवा, कारण आतला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो. सिंकजवळ किंवा शेगडीला अगदी चिकटून लावू नका. वाफेने आणि फोडणीच्या धुराने तो उगाच वाजतो, मग वैतागून कोणीतरी त्याची पिनच काढून ठेवतं.

लावल्यावर एक चाचणी जरूर करा. सासूबाई दुपारी जिथे पडतात तिथे त्यांना बसवा, दार नेहमीसारखं लोटा आणि सेन्सरचं टेस्ट बटण दाबा. उतारवयात कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज सोडतात, आणि या सेन्सरचा आवाज नेमका तसाच असतो. नाक नाही म्हणून यंत्र बसवलं आणि ते कानाला ऐकू येत नाही, हे पुष्कळ घरांत होतं.

बाकी नेहमीचंच: दूध मोठ्या पातेल्यात किंवा दुधाच्या कुकरमध्ये, शेगडी मंद असताना वरचा पंखा बंद, रात्री रेग्युलेटर बंद, नळी पाच वर्षांनी बदलायची. नवी शेगडी घ्यायची झाली तर ज्योत विझताच गॅस तोडणारी मिळते, तीच घ्या. सकाळचा पहिला चहा त्या एकट्या करत असतील तर त्यांच्यासाठी इंडक्शन किंवा विजेची किटली सोयीची. त्यांचं स्वयंपाकघर काढून घेऊ नका, फक्त गॅस काढा. गळती झालीच तर नॉब आणि रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, विजेचं कोणतंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, एग्झॉस्ट तर नाहीच. बाहेर येऊन १९०६ ला, म्हणजे एलपीजी गळतीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा.

त्या दिवशी घडलेल्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दूध ऊतू जाऊन ज्योत विझणं कोणाच्याही घरी होतं. वास न येणं हे नाकाचं. पण नॉब विनाकारण चालू राहणं, तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा विचारणं, भाजीवाल्याचा हिशेब चुकणं, असं काही या वर्षात सुरू झालं असेल तर तो विसराळूपणा झाला, त्याची तपासणी निराळी. तसंच चालताना एक हात कमी हलणं, अक्षर बारीक होत जाणं, झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं, नव्याने जडलेली बद्धकोष्ठता. पार्किन्सनमध्ये कंप दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी वास जाऊ शकतो, अल्झायमरमध्येही तो लवकर कमी होतो. पण नुसता वास गेला म्हणून यातला एकही आजार ठरत नाही. ७६व्या वर्षी वास कमी असलेल्या बहुतेकांना वयच झालेलं असतं, किंवा कधीतरी झालेल्या विषाणूच्या सर्दीने, कोविडने नाकाचं नुकसान केलेलं असतं. वरचं काही दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा, नसेल तर घाबरून मेंदूचा एमआरआय करत सुटू नका.

आता वजन. ५५ वरून ४९ म्हणजे जवळजवळ ११ टक्के. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं की कारण शोधायचंच, हा वैद्यकातला नियम. चव नाही म्हणून खाणं कमी आणि म्हणून वजन कमी, हे पटण्याजोगं आहे, आणि तिथेच फसायला होतं. साखर वाढलेली असली तरी वजन उतरतं. थायरॉइड, क्षयरोग, पोटातला किंवा इतर ठिकाणचा कर्करोग, मूत्रपिंड, नैराश्य हेही असू शकतं, आणि यातल्या काहींत तोंडाची चव बिघडते ती वेगळीच. त्यामुळे या आठवड्यात नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी, ईएसआर, एचबीए१सी (तीन महिन्यांतली सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), सोडियम-पोटॅशियम, बी-१२, लघवी आणि छातीचा एक्सरे एवढं करून घ्या. जाताना वजनाच्या जुन्या नोंदी न्या. नुसतं ‘बारीक झाल्यात’ म्हटलं तर ‘वयच झालं’ असं उत्तर मिळतं. आकडे दाखवले की तपासणी होते.

गोळ्यांचं बघू. त्यांच्या यादीतल्या बहुतेक गोळ्या या तक्रारीत थोडाफार हात घालू शकतात.

अ‍ॅमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडं पडतं. लाळेत विरघळल्याशिवाय कोणताही पदार्थ जिभेवरच्या स्वादकलिकांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे कोरड्या तोंडाला साखरही फिकी लागते. शिवाय लाळ नसली की कवळी घसरते, टोचते, आणि माणूस पोळी सोडून पेज-भातावर येतो. त्यांना कोरडा बिस्किटाचा तुकडा पाण्याशिवाय गिळता येतो का विचारा. येत नसेल तर डॉक्टरांना या गोळीचा डोस कमी करता येईल का, किंवा पायांच्या जळजळीला दुसरं काही देता येईल का, ते स्पष्ट विचारा. आपल्या मनाने एकदम बंद करू नका. सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या किंवा लघवी आवरण्याच्या गोळ्या मधूनमधून चालू असतील तर त्यांचीही यात भर पडते.

मेटफॉर्मिनने काहींना तोंडात धातूसारखी चव येते. याहून महत्त्वाचं म्हणजे वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होतं. त्याने जीभ गुळगुळीत, लालसर होते, झोंबते आणि पायांना मुंग्या येतात. म्हणजे ज्या जळजळीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन दिलंय, त्यात बी-१२ चाही वाटा असू शकतो. तो निघाला आणि भरून काढला तर कदाचित एक गोळी कमीच होईल.

क्लोरथॅलिडोनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि वयस्कर, बारीक बायकांमध्ये ते जास्त वेळा होतं. त्याची पहिली लक्षणं म्हणजे अन्नावरची वासना जाणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, थोडा गोंधळ. आता गंमत बघा: घरचे लोक रक्तदाबाच्या भीतीने मीठ पूर्ण तोडतात, सोडियम आणखी उतरतं, त्या आणखी कमी जेवतात. म्हणून सोडियमचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मीठ वाढवूही नका आणि शून्यावरही आणू नका.

टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं. लो सोडियम मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ज्या माणसाला चव कळत नाही, तो हे मीठ ‘चांगलं’ म्हणून दुप्पट घेतो. वयामुळे मूत्रपिंड मंद, त्यात मधुमेह, त्यात टेल्मिसार्टन. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी फारशी सूचना मिळत नाही. क्लोरथॅलिडोन पोटॅशियम थोडं कमी करतं हे खरं, पण ती गोळाबेरीज रक्त तपासूनच करायची असते, अंदाजाने नाही. तरुण, धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसाला हे मीठ चालेल. सासूबाईंना नाही.

आता तोंडात बघा. कवळी काढून, खिडकीशी, मोबाइलच्या टॉर्चने. टाळूवर कवळीच्या आकाराचा लाल पट्टा किंवा पुसले जाणारे पांढरे डाग असतील तर ती बुरशी, आणि त्यावर औषध आहे. मधुमेहात, कोरड्या तोंडात आणि रात्रीही कवळी घालून झोपणाऱ्यांत ती हमखास सापडते. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, मऊ ब्रशने साध्या साबणाने घासायची. टूथपेस्टने चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी राहते. हिरड्या आणि जीभही ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने पुसून घ्यायच्या. वजन सहा किलो उतरलंय म्हणजे हिरड्यांवर बसणारी कवळी आता सैल झाली असण्याची दाट शक्यता आहे. दंतवैद्याकडून आतून अस्तर भरून घेता येतं, प्रत्येक वेळी नवी कवळी लागत नाही. आणखी एक विचारायचं ते जरा बाजूला घेऊन, चारचौघांत नाही: मिश्री लावता का? त्या वयाच्या बायका डॉक्टरांना ‘तंबाखू नाही’ असं खरेपणाने सांगतात, कारण मिश्रीला त्या तंबाखूत धरतच नाहीत. मिश्रीने तोंडाची चव मारली जाते, आणि तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर तो लगेच दाखवायला हवा.

घरच्या घरी नाक आणि जीभ वेगवेगळी तपासता येतात. चाचणीआधी तासभर काही खाऊ-पिऊ द्यायचं नाही, कवळी काढून चूळ भरायला सांगायची. चार वाट्या करा: अर्ध्या पेल्याला म्हणजे १०० मिली पाण्याला एक चमचा साखर, तेवढ्याच पाण्यात पाव चमचा मीठ, तेवढ्यात अर्ध्या लिंबाचा रस, आणि बिनसाखरेची काळी कॉफी. नाक चिमटीत धरून कापसाच्या काडीने जिभेच्या दोन्ही कडांना लावा, प्रत्येक वेळी चूळ. गोड, खारट, आंबट, कडू ओळखलं तर जीभ बऱ्यापैकी शाबूत आहे.

मग नाक. डोळे मिटून, एकेका नाकपुडीला कॉफीची पूड, ठेचलेली लवंग, हिंग, संत्र्याची साल, अंगाचा साबण. ‘कसला वास?’ असं विचारू नका. नाव आठवणं हे चांगल्या नाकाच्या माणसालाही जड जातं. ‘कॉफी, साबण की लवंग?’ असे तीन पर्याय द्या. पाचातले दोन-तीनच बरोबर आले, किंवा ‘काहीतरी आहे, पण काय ते कळत नाही’ असं ऐकलं, तर वास कमी झालाय असं समजा. बाम, कापूर, कापलेला कांदा वापरू नका. त्यांची झणझण तिखट कळवणाऱ्याच नसेने जाणवते, वास पूर्ण गेलेल्या माणसालाही ती कळते, आणि ‘बामाचा वास येतो की, नाक चांगलं आहे’ अशी सगळ्यांची समजूत होते.

एकाच नाकपुडीचा वास गेलेला असला, नाकातून रक्त येत असलं किंवा एक बाजू सतत बंद असली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लवकर जा. तसं नसलं तरी एकदा दाखवाच. ते दुर्बिणीने नाकाच्या वरच्या कप्प्यात मांसवाढ किंवा सूज आहे का बघतात. कारण ही वास जाण्याची त्यातल्या त्यात सुधारणारी जात. वास न्यायच्या पेशी नाकाच्या छताशी असतात, खाली सूज असली की हवाच तिथवर पोचत नाही. स्टिरॉइडचा फवारा दिला तर मान किंचित पुढे झुकवून, नळी नाकाच्या मधल्या पडद्यापासून दूर, कानाच्या दिशेने धरायची आणि जोरात हुंगायचं नाही. हुंगलं की औषध घशात उतरतं. नाक मोकळं करणारे थेंब दुकानातून आणून तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त चालवू नका, नंतर तेच नाक चोंदवतात.

सर्दी-कोविडनंतर गेलेल्या वासासाठी ‘वासाचा सराव’ ही पद्धत आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ साली ती मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. वयामुळे मंदावलेल्या नाकाला तिचा फायदा कमी असतो, पण खर्च जवळपास नाही आणि अपायही नाही. चार छोट्या काचेच्या बाटल्या घ्या. एकीत कापसावर गुलाबाच्या अत्तराचा थेंब, दुसरीत निलगिरीचा एकच थेंब, तिसरीत लिंबाची साल, चौथीत ठेचलेल्या लवंगा. नाकाशी धरून वीसेक सेकंद हळूहळू छोटे श्वास, दहा सेकंद विश्रांती, मग पुढची. हुंगताना तो वास आठवायचा, नुसतं उरकायचं नाही. साल दोन-तीन दिवसांनी ताजी घ्या, अत्तर-तेल पंधरवड्याने. बारा आठवड्यांनी वास बदला: वेलची, पुदिना, संत्रं, दालचिनी. बहुतेक घरांत हे दहाव्या दिवशी बंद पडतं. देवपूजेला किंवा चहाला जोडून टाकलं तर टिकतं.

आता तुमचा प्रांत, स्वयंपाक.

मिठाचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. घरात चार माणसं असतील तर महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचा पुडा महिना पुरत नसेल तर मीठ सगळ्यांच्याच पोटात जास्त चाललंय, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड धरलेलं नाही. सोडियमचा रिपोर्ट ठीक आला की सासूबाईंसाठी असं करून बघा: त्यांच्या वाटच्या स्वयंपाकात मीठ निम्मं, उरलेलं एका छोट्या डबीत ताटाशेजारी. वरून भुरभुरवलेलं मीठ थेट जिभेला लागतं, त्यामुळे कमी मिठात खारटपणा जास्त जाणवतो. डबी दिवसाची, ती संपली की संपली. आणि ती त्यांच्या ताब्यात द्या, त्याने वाद निम्मा होतो.

वास वाढवायचा तर तो ताटात पोचेल असा वाढवा. आमटीला फोडणी देऊन ती अर्धा तास उकळली की हिंग-जिऱ्याचा वास खिडकीतून शेजारी गेलेला असतो. त्यांच्या वाटीवर वेगळी फोडणी द्या: पळीत चमचाभर तूप, मोहरी, जिरं, चिमूट हिंग, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, कढीपत्ता, चर्र झाली की वाढलेल्या वरणावर ओतून ताट लगेच पुढे. कोथिंबीर शेवटी. जिरं-धणे दर आठवड्याला थोडेच भाजून कुटा, वर्षभराचा मसाला डब्यात वास सोडून बसतो. अन्न गरम असावं, थंड भाताला वास नसतो. पण पूर्ण कवळीने टाळू झाकलेली असल्यामुळे चटका उशिरा कळतो, म्हणून उकळतं नको.

खारटाची जागा बऱ्याच अंशी आंबट भरून काढतं: आमसूल, लिंबू, चिंच, कैरीचा कीस, ताक. पित्ताचा त्रास असेल तर रात्री नको. कांदा-सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण, आटवलेला टोमॅटो, मशरूम यांनी उमामी वाढतो आणि मीठ कमी लागतं. तोंडाला फरक जाणवला पाहिजे म्हणून मऊ भाताबरोबर कोचलेली काकडी, ताकाबरोबर लाह्या. नुसतं तिखट वाढवत जाऊ नका. त्याने स्वाद येत नाही, जळजळ येते.

वजनासाठी प्रथिनं बघा. क्रिएटिनिन ठीक असेल तर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे त्यांना रोज ५० ते ६० ग्रॅम. अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढंच, मूठभर दाण्यांत सात, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सात. वरण-भात-पोळीवर हे भरत नाही, मुद्दाम भरावं लागतं: खिचडीत डाळ दुप्पट, भाजीत बारीक कूट (जाडसर कूट कवळीखाली जाऊन टोचतं), पोळीच्या कणकेत थोडं बेसन, दुपारी एक अंडं किंवा पनीर. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी. आणि मधुमेह-रक्तदाबासाठी भात बंद, तूप बंद, नारळ बंद अशी जी यादी घरात फिरत असेल, ती ११ टक्के वजन उतरलेल्या माणसासाठी नाही. एचबीए१सी बघून डॉक्टरांशी बोला, पण आत्ता त्या पोटभर जेवणं हे पहिलं काम. एकट्या जेवत असतील तर कोणीतरी सोबत बसा, खाणं त्यानेही वाढतं.

शिळंपाकं त्यांना नाकाने कळणार नाही. फ्रिजमधल्या डब्यांवर तारखेची पट्टी लावा, आणि दूध, खोबरं, उसळ कोणीतरी दुसऱ्याने बघूनच त्यांच्या पुढे जाऊ द्या. कपड्यांचा, लघवीचा वासही त्यांना कळत नसेल तर घरातल्या एकाच व्यक्तीने, एकांतात, साध्या शब्दांत सांगावं. नातवंडांनी नाक धरून सांगू नये.

राहिलं झिंक. त्याची कमतरता असेल तर चव जाते हे खरं, आणि क्लोरथॅलिडोनसारख्या गोळ्यांनी लघवीवाटे थोडं झिंक जातंही. म्हणून सुचवणारा अगदीच चुकीचा नाही. पण वास गेला म्हणून चव गेली असेल तिथे झिंकने काही होत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून निम्म्याहून अधिक भाग तोच दिसतो. मोठ्या माणसाला आहार धरून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर झिंक दीर्घकाळ नको. दुकानात मिळणाऱ्या काही प्रकारांची एकच गोळी तेवढं भरते. जास्त झिंकने शरीरातलं तांबं उतरतं, त्यातून रक्त कमी होतं आणि पायांच्या नसा बिघडून चालताना तोल जातो. आधीच पाय जळजळणाऱ्या माणसात ते मधुमेहाचं की बी-१२ चं की झिंकचं, हे शोधणं कठीण होऊन बसतं. रक्तातल्या झिंकच्या आकड्यावरही फार भरवसा ठेवता येत नाही. तीळ, दाणे, डाळी, भोपळ्याच्या बिया, अंडी आणि चालत असेल तर मटण, एवढं आहारात आलं तरी पुष्कळ. तपासणीनंतर डॉक्टरांनी दिलंच तर किती मिलिग्रॅम आणि किती आठवडे, ते चिठ्ठीवर लिहून घ्या. नाकात घालायचं झिंकचं कोणतंही औषध मात्र कधीच नको. त्याने उरलेला वासही कायमचा जाऊ शकतो.

रिपोर्ट आले की सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि बी-१२ एवढे चार आकडे इथे लिहा, आणि साबण-कॉफी-लवंगेच्या चाचणीत काय झालं तेही. मिठाच्या डबीत किती घालायचं ते त्यावरून सांगता येईल.